बिनचमकीचा रंग

लवू धुरीने उभ्या जन्मात एकच काम केलं होतं, गाड्या चकचकीत करायचं. कुवेतच्या राई भागात, टायरांच्या गोदामाला लागून असलेल्या एका गॅरेजात तो रंगारी होता. ठोकलेली, उन्हाने करपलेली गाडी आत यायची, डेंटर तिचा पत्रा सरळ करायचा, आणि मग लवू पुट्टी भरून, घासून, प्रायमर मारून तिच्यावर असा रंग चढवायचा की न्यायला आलेलं गिऱ्हाईक बॉनेटमध्ये वाकून आधी आपल्या डोक्यावरचा रुमाल नीट करी.

२००३ च्या फेब्रुवारीत मात्र गाड्या येईनाशा झाल्या. अमेरिकेची फौज वाळवंटात येऊन बसली होती, इराकवर हल्ला आज होणार की उद्या एवढंच ठरायचं होतं. अशा वेळी कोण गाडीला रंग काढतो? लोक पाण्याच्या बाटल्या, डबाबंद कडधान्यं, चिकटपट्ट्या आणि विषारी वायू आत येऊ नये म्हणून खिडक्यांना लावायचे प्लास्टिकचे ताव घेत सुटले होते. ज्यांना जमत होतं ते विमानात बसत होते.

लवूने हे सगळं एकदा पाहिलेलं होतं. नव्वद साली इराकी फौज कुवेतमध्ये घुसली तेव्हाही तो इथेच होता. एक पिशवी घेऊन बसरा, बगदाद करत तो जॉर्डनच्या सीमेवर पोचला होता, तिथे तंबूत पडून राहिला होता आणि शेवटी सरकारने पाठवलेल्या विमानाने मुंबईला उतरला होता. पुढे कुडाळजवळच्या आपल्या गावी हाताला काम लागेना, म्हणून परत आला. त्यामुळे चहाच्या वेळी गॅरेजातली पोरं त्याला विचारायची, "लवूदादा, तुम्ही बघितलंय. आता काय होईल?" तो म्हणायचा, "काय व्हायचा आसा? जातले ते जातले, ऱ्हवतले ते ऱ्हवतले." आणि रिकाम्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवा व्हायचा. त्याला भीती अशी वाटत नव्हती. त्याला दमायला झालं होतं. तीच पिशवी पुन्हा भरायची, ह्या नुसत्या विचाराने त्याच्या अंगातलं बळ जाई.

गावाहून विनिताचा, त्याच्या बायकोचा, फोन आला.

"पुरे झाला आता," ती म्हणाली. "बाजूवाल्यांचो झील इलो. खालच्या वाडीतले दोघे इले. तुमी कधी येतलास?"

"येतंय गो."

"येतंय येतंय म्हणान माका फसवू नकात हां. टीव्हीर सगळा दाखवतत."

"खरांच येतंय. मालकाक सांगतंय."

मालकाला त्याने खरंच सांगितलं. पासपोर्ट मालकाच्याच कपाटात होता. मालक अबू नासेर तसा वाईट माणूस नव्हता. त्याने लवूला समोर बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, की एक सरकारी काम आलं आहे. तेवढं उरकून दे, तिकीट मी माझ्या हाताने काढून देतो. आता अर्ध्यावर सोडून जाऊ नकोस. लवूने मान डोलावली. नाही म्हणायलाही जोर लागतो.

सरकारी काम म्हणजे जीपा असतील असं त्याला वाटलं होतं. पाण्याच्या आणि विजेच्या कारखान्यांवर पहारा देणाऱ्या एका खात्याच्या जीपा राईतल्या बऱ्याच गॅरेजांत वाळूच्या रंगाच्या होत होत्या. पण दुसऱ्या दिवशी आलेल्या गाडीतून दोन शिपायांनी लाकडी पेट्या उतरवल्या. मुबीनने, म्हणजे गॅरेजच्या मॅनेजरने, एका पेटीचं झाकण उघडलं आणि तो मागे सरला. आत रायफली होत्या. तेल लावलेल्या, काळ्याभोर, एकीला एक लावून निजवलेल्या.

"ह्या रंगवायच्या?" लवूने विचारलं.

"ह्याच," मुबीन म्हणाला. मुबीन दाभोळचा, चाळिशीचा, लवूपेक्षा धाकटा, पण गॅरेजचा सगळा कारभार त्याच्याकडे होता. "त्यांच्या साहेबाने लांबून बघितलं म्हणे. वाळूत उभे असलेले शिपाई दिसत नाहीत पण काळ्या नळ्या चमकतात. म्हणून त्यांना पण वाळूचा रंग द्यायचा, वर मातकट पट्टे."

"आणि कोण देणार?"

"तुम्हीच, लवूदादा. दुसरं आहे कोण इथे?"

लवू पेटीकडे बघत उभा राहिला. नव्वद साली बसऱ्याच्या रस्त्यावर एका शिपायाने त्याची पिशवी रायफलीच्या नळीने उघडली होती. हाताने नाही, नळीने. विनितासाठी घेतलेलं लुगडं त्या नळीच्या टोकावर उचलून धरलं होतं, हसला होता आणि धुळीत टाकलं होतं. एवढंच. लवूला कोणी मारलं नव्हतं. पण तेव्हापासून असली वस्तू दिसली की त्याची नजर आपोआप जमिनीकडे जायची.

पेट्यांबरोबर एक हवालदार आला होता. हत्यारं एकटी ठेवता येत नाहीत, म्हणून काम होईपर्यंत दिवसा त्याने तिथेच बसायचं होतं, रात्रीच्या पहाऱ्याला दुसरा यायचा होता. शिपाई गेले, तो राहिला. बारीक अंगाचा, दाढी निम्मी पिकलेला, लवूच्याच वयाचा. त्याने बूथच्या, म्हणजे फवारा मारायच्या खोलीच्या दाराशी एक खुर्ची ओढली, कमरेला लटकवलेली वायूच्या मास्कची पिशवी मांडीवर घेतली आणि सरळ हिंदीत म्हणाला, "मी अब्बास. तू मुंबईचा?"

"मुंबईच्या खाली. कोकण."

"रत्नागिरी?"

लवू चकित झाला. "तिच्याही खाली. तुम्हांला रत्नागिरी कशी ठाऊक?"

"माझा बाप जहाजावर होता. लाकडी जहाज. इथून खजूर न्यायचा, तिथून लाकूड, कौलं आणायचा. रत्नागिरी, रत्नागिरी करायचा म्हातारा. मी पाहिलं नाही कधी." मग त्याने पेटीकडे बोट केलं. "हात लावायला घाबरू नको. रिकाम्या आहेत. मी स्वतः तपासल्यात."

लवूने हातमोजे चढवले.

काम सोपं नव्हतं. आधी थिनरने तेल पुसून काढायचं. नळीच्या तोंडात कागदाचा बोळा. नेम धरायच्या जागेवर, सरकणाऱ्या भागांवर मास्किंग टेप. मग खरवडल्यासारखा पॉलिश पेपर फिरवायचा आणि रंग. कंपनीच्या पत्रकातला 'वाळवंटी' रंग मारून लवूने पहिली रायफल बाहेर उन्हात धरली, तर ती हळद लावून लग्नाला निघाल्यासारखी दिसायला लागली. अब्बास खुर्चीतून उठला, बघितलं आणि हसला. बऱ्याच दिवसांनी हसणारा माणूस हसतो तसं, थोडं अडखळत.

दुसऱ्या दिवशी येताना त्याने पेप्सीच्या कापलेल्या डब्यात माती आणली. आपल्या चौकीच्या समोरची. "ही घे. ह्याच्यावर उभं राहायचंय आम्हांला." लवूने ती पत्र्यावर पसरली. पिवळी कुठे होती ती? राखाडी होती, तिच्यात विटका लाल होता, भाजलेल्या तांदळाच्या पिठासारखी मधेच पांढरी झाक. दुपार गेली रंग जुळवण्यात. जुळल्यावर त्यात त्याने चमक घालवायची पेस्ट ओतली, कारण रंगावर जराही तकाकी राहायला नको होती. हे त्याच्या हाताला पटत नव्हतं. प्रत्येक रायफल टांगून झाली की तो सवयीने वाकून तिच्यात आपलं तोंड दिसतं का बघायचा, आणि नाही दिसलं की ती झाली म्हणायची.

वरचे पट्टे त्याने कांद्याच्या पोत्याच्या जाळीतून मारले. जाळी नळीभोवती गुंडाळायची आणि वरून मातकट रंगाचा हलका फवारा. जाळी सोडवली की सापाच्या कातीसारखी नक्षी उठायची. अब्बासला ते आवडलं. त्याने एक रायफल मागच्या मोकळ्या जागेत नेऊन वाळूवर ठेवली, दोघे चालत लांब गेले आणि वळून बघितलं. खरंच दिसत नव्हती.

"म्हणजे काम होतं म्हणायचं," लवू म्हणाला.

"बंदूक दिसत नाही," अब्बास म्हणाला. "पण तिच्यामागचा माणूस दिसतो. आणि वरून रॉकेट येतं त्याला काय दिसतं नि काय नाही?" त्याने खांदे उडवले. "साहेबाला वाटतं काहीतरी करायला पाहिजे. सगळेच काहीतरी करतायत. माझी बायको पाणी भरते. बाथरूमचा टब, बादल्या, भांडी. घरात चालायला जागा नाही."

लवूने विचारलं, "तुम्हांला काय वाटतं? लढाई होईल?"

"व्हायला पाहिजे," अब्बास म्हणाला.

असं म्हणणारा माणूस लवूला पहिल्यांदाच भेटत होता. अब्बास रायफल ठेवली होती तिकडे चालू लागला. मग त्याने सांगितलं. त्याचा धाकटा भाऊ, जासिम. नव्वद साली इराकी घरोघर फिरून पोरं उचलत होते तेव्हा त्यालाही सबाह अल-सालेम भागातल्या घराच्या दारातून नेलं. चप्पलसुद्धा घालू दिली नाही. कुवेत सुटलं, कैदी परत आले, त्यांत जासिम नव्हता. कोणी म्हणायचं बसऱ्याच्या तुरुंगात पाहिला, कोणी म्हणायचं बगदादच्या. "आई अजून त्याचं ताट वाढते," अब्बास म्हणाला. "बगदाद पडलं की तुरुंग उघडतील. मग कळेल. काहीही असो, कळेल तरी. बारा वर्षं झाली. मी वाट बघून बघून दमलोय, लवू."

लवूही दमलेला होता, पण त्याच्या दमण्याला असं नाव नव्हतं. त्याने पुढची रायफल पुसायला घेतली. त्या दिवसापासून तिला हात लावताना त्याचं मन पहिल्यासारखं आकसेनासं झालं.

त्याच आठवड्यात मुबीन एकदा संध्याकाळी थांबून राहिला. काहीतरी विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं.

"लवूदादा, तुमचा मास्क," तो शेवटी म्हणाला.

लवूचा मास्क म्हणजे फवारा मारताना नाकातोंडावर बांधायचा रबरी मास्क, दोन बाजूंना कोळशाच्या डब्या असलेला. कुवेती लोकांना सरकारकडून विषारी वायूचे मास्क मिळाले होते. बाहेरच्यांनी आपापलं बघायचं होतं, आणि बाजारात मिळत होते त्यांच्या किमती ऐकूनच माणूस माघारी फिरत होता. मग लोकांची नजर रंगाऱ्यांच्या मास्कवर गेली. राईतल्या रंगाच्या दुकानांत आता एकही उरला नव्हता.

"मुबीन, त्याने वायू अडत नाही रे," लवू म्हणाला. "डोळे उघडे राहतात. हा नुसता रंगाचा वास मारतो."

"मला माहीत आहे."

"मग?"

"बिल्कीसला माहीत नाही." बिल्कीस मुबीनची बायको. "चार दिवस ती चिकटपट्टी घेऊन खिडक्या लावतेय. लावते, काढते, पुन्हा लावते. तहरीमला शाळेत पाठवत नाही. विचारते, आपल्या पोरीला काय आहे? घरात हे एवढं दिसलं ना, तर ती जरा बसेल तरी. मी काय करू? तिकिटं मिळत नाहीत."

लवूने मास्क धुतला, आतून साबणाने पुसला, नव्या डब्या लावल्या, आणि मुबीनबरोबर स्वतः फरवानियात त्याच्या घरी गेला. सगळ्या खिडक्यांवर काचेच्या आड प्लास्टिक ताणलेलं होतं आणि घरात कोंदट, उकडलेल्या बटाट्यासारखा वास होता. बिल्कीसने मास्क दोन्ही हातांत घेतला. तिने तो उलटून पालटून पाहिला, नाकाशी धरला, आणि लवूने पाहिलं की तिचे खांदे खाली आले.

"लवूभाई, तुमच्या कामाचं काय?" तिने विचारलं.

"माझ्याकडे दुसरो आसा," लवूने ठोकून दिलं.

सहा वर्षांच्या तहरीमने मास्क लावून आरशात पाहिलं आणि आतून घुमणाऱ्या आवाजात म्हणाली, "आय लुक लाइक अ‍ॅन एलिफंट." बिल्कीस हसली. मुबीनने तोंड फिरवलं. बिल्कीसने मग लवूला जेवल्याशिवाय सोडलं नाही. चार दिवसांत पहिल्यांदा चूल नीट पेटली असावी, कारण मुबीन भात असा जेवत होता की बघवत नव्हतं.

दुसरा मास्क अर्थातच नव्हता. लवूने पंचा ओला करून तोंडाला बांधला आणि काम चालू ठेवलं. बूथचा पंखा जुना होता, तो धूर बाहेर कमी टाकायचा आणि आत जास्त फिरवायचा. पहिल्या दिवशी घसा खवखवला. दुसऱ्या दिवशी रायफली टांगता टांगता खोकल्याची अशी उबळ आली की तो भिंतीला धरून खालीच बसला. पंचा काढला तर त्याच्यावर नाकाच्या जागी दोन मातकट ठिपके.

अब्बास आत आला. "तुझा कम्माम, तो मास्क, कुठे आहे?"

"दिला."

"कोणाला?"

लवूने सांगितलं. अब्बासने ऐकून घेतलं. मग मांडीवरची पिशवी उघडून स्वतःचा सरकारी मास्क काढला, पूर्ण चेहरा झाकणारा, पुढे जाडजूड डबी असलेला, आणि लवूच्या पुढे धरला. "घाल."

"नाही नाही. अब्बासभाई, हा तुमचा जीव आहे."

"आज वरून काही पडत नाहीये. तुझ्या घशात मात्र आज पडतंय. घाल म्हणतो ना!"

"तसं नव्हे," लवू म्हणाला. "ह्या डबीत कोळसा असतो. तो थिनरचा वास पीत राहील. पिऊन पिऊन त्याचं पोट भरलं, की मग खरा वायू आला तर तो काय पिणार? डबी फुकट जाईल."

"डबी बदलून मिळते. डेपोत सांगतो. उद्या आणतो."

लवूने घातला. नाही म्हणायला जोर लागतो, आणि छातीत आता तेवढा श्वासही नव्हता. उरलेल्या रायफली त्याने त्या मास्कमध्ये रंगवल्या. गॅरेजातली पोरं बघायला जमायची, काचांच्या मागे लवूदादाचे डोळे मोठे दिसायचे. संध्याकाळी तो मास्क पुसून अब्बासला परत द्यायचा आणि दर वेळी विचारायचा, "डबी मिळाली?" अब्बास म्हणायचा, "बुकरा." उद्या.

तो उद्या आला नाही. एका सकाळी अब्बासबरोबरच गाडी आली, शिपाई घाईत होते, तुकडीला उत्तरेकडे हलायचा हुकूम झाला होता. शेवटच्या रायफलींचा रंग पुरता वाळलाही नव्हता. बोटांचे ठसे उमटतील म्हणून लवू ओरडत होता, पण त्याचं कोण ऐकतो. अब्बासने पेट्या मोजून चढवल्या, मास्कची पिशवी कमरेला लावली आणि लवूच्या खांद्यावर हात ठेवून गाडीत बसला.

"डबी?" लवूने मागून विचारलं. "अब्बासभाई, डबी बदलली काय?"

गाडी सुरू झाली होती. अब्बासने खिडकीतून हात वर केला. तो हात हो म्हणत होता, की येतो म्हणत होता, ते लवूला कळलं नाही.

पुढच्याच गुरुवारी लढाई सुरू झाली. भोंगा वाजला तेव्हा लवू आपल्या खोलीत होता. सगळे जण बोळात भिंतीला टेकून बसले, ओले टॉवेल तोंडाशी धरून. कोणी नमाज पढत होतं, कोणी देवाचं नाव घेत होतं, एक जण नुसता शिव्या देत होता. लवूच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, की उत्तरेला कुठेतरी वाळूत एक माणूस बसलाय, त्याच्या तोंडावर मास्क आहे, आणि त्या मास्कचं पोट आपण भरून ठेवलंय. थिनर पाजून. भोंगा थांबायचा, पुन्हा वाजायचा. दिवसातून किती वेळा ते मोजणंही लोकांनी सोडलं. दर वेळी लवूला तोच विचार. विनिताचा फोन आला तर त्याने मी बरो आसंय एवढंच सांगितलं. पुढे काय बोलायचं ते सुचेना.

वायू आला नाही. जे आलं ते समुद्रात किंवा रिकाम्या जागी पडलं, आणि एप्रिलमध्ये बगदाद पडलं. लोकांनी खिडक्यांचं प्लास्टिक फाडून काढलं. पळालेले परत आले, त्यांच्या उभ्या गाड्या धुळीने खरवडल्या होत्या, काही घाईत ठोकल्या होत्या. गॅरेजात पाय ठेवायला जागा उरली नाही. अबू नासेर म्हणाला, एवढा मोसम काढ. लवूने काढला. अब्बासची चौकशी कोणाकडे करायची ते त्याला ठाऊक नव्हतं. मुबीनने त्याच्या खात्यात दोनदा फोन लावून पाहिला, कोणी उचलला नाही.

जूनच्या उकाड्यात त्याच पेट्या परत आल्या. रंग हातांच्या घामाने जागोजाग सुटला होता, त्याचे पोपडे सरकणाऱ्या भागांत अडकत होते, आणि आता नवा साहेब आला होता. त्याला रायफली पहिल्यासारख्या काळ्या हव्या होत्या. बरोबर आलेला हवालदार वेगळा होता, पोरगेलासा.

लवूच्या हातातला पॉलिश पेपर तसाच राहिला. "अब्बास कुठे आहेत?"

"घरी. अज़ा आहे."

अज़ा म्हणजे मयताचं सुतक, लोक समाचाराला येतात ते. लवू स्टुलावर बसला. त्याला वाटलं, झालं. त्याचा चेहरा बघून त्या पोराने घाईघाईने सांगितलं, "अब्बास नाही, अब्बास ठीक आहे. त्याचा भाऊ. इराकमध्ये माणसं पुरलेले खड्डे सापडलेत ना, त्यांत हाडं मिळाली. तपासून नाव लागलं. काल दफन केलं."

त्या संध्याकाळी मुबीन आणि लवू सबाह अल-सालेमला गेले. लवूने इस्त्रीचा सदरा घातला होता. दिवाणखान्यात पुरुष भिंतीलगत ओळीने बसले होते, आणि दाराशी अब्बास उभा होता, पांढऱ्या झग्यात, गणवेशातल्यापेक्षा लहान दिसणारा. मुबीनने अरबीत समाचाराचे शब्द म्हटले. लवूने ते गाडीत पाठ केले होते पण ऐन वेळी आठवले नाहीत. त्याने नुसता अब्बासचा हात दोन्ही हातांत घेतला. अब्बासने त्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं. कडू कॉफी आली.

मग अब्बास हळूच म्हणाला, "डबी मिळालीच नाही बघ. सगळी लढाई तुझ्या थिनरच्या वासात काढली. भोंगा वाजला की मास्क घालायचा, आणि वाटायचं राईत बसलोय."

लवूने कॉफीचा पेला खाली ठेवला. "मी रोज..." तो म्हणाला आणि थांबला.

"मला माहीत आहे. तू गाडीमागे ओरडत होतास." अब्बासने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आई आता विचारत नाही. काल तिने ताट वाढलं नाही."

गर्दी ओसरल्यावर तो त्यांना अंगणात घेऊन गेला. भिंतीकडेला ताडपत्रीखाली काहीतरी मोठं होतं. अब्बासने एक कोपरा सोडवला, मुबीनने दुसरा, आणि धुळीचा लोट उठला. आत शेवरोलेची लांबलचक कॅप्रिस होती, नव्वदच्या आधीची. टायर जमिनीत बसलेले, निळा रंग छपरावर खडूसारखा पांढरा पडलेला.

"जासिमची," अब्बास म्हणाला. "आईने बारा वर्षं कोणाला हात लावू दिला नाही. आज सकाळी म्हणाली, ही रस्त्यावर आण. तिला तिच्यात बसून कबरस्तानात जायचंय."

लवूने सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. तो गाडीभोवती हळूहळू फिरला, छपरावर तळहात टेकला, खाली उकिडवा बसला आणि दरवाजाच्या पोटाखाली नखाने खरवडलं. लाल भुगा पडला.

"वरून काही नाही, उन्हाने खाल्लंय फक्त," तो म्हणाला. "खालून मात्र गंज आहे. चारही दरवाजे उतरवायला लागतील. पत्रा कापून नवा घालायला लागेल."

"लवूदादा, तुमचं जायचं ठरलंय ना?" मुबीन हळूच म्हणाला. "मालकाने पासपोर्ट काढून ठेवलाय."

लवू उठला. उठताना त्याने गाडीचा आधार घेतला, त्याचे गुडघे वाजले. "जातंय मा," तो मुबीनला म्हणाला. "पळान थोडोच जातलंय."

मग अब्बासकडे वळून त्याने विचारलं, "रंग कुठला द्यायचा?"

"होता तोच."

"निळा. बरं." लवूने बॉनेटच्या कडेला, जिथे मूळ रंग अजून टिकला होता, तिथली धूळ अंगठ्याने पुसली आणि डोळे बारीक करून तो निळा नीट बघून घेतला. "शनिवारी आणा. टायर मी इथेच येऊन बदलतो, नाहीतर ओढताना बसेल ती."